वर्गात कोण उभं होतं?

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी मी पहिली चाचणी घेतली, त्या संध्याकाळी एस.टी.त बसल्या बसल्याच पेपर तपासायला काढले होते. सहावीचा वर्ग, दशांश अपूर्णांकांवरचे चाळीस प्रश्न. घरी येईपर्यंत मी खूश होतो, कारण चाळीसपैकी बारा प्रश्न झाडून सगळ्या पोरांचे बरोबर आले होते. दुसऱ्या दिवशी तक्ता घेऊन मार्गदर्शक मॅडमकडे गेलो. त्यांनी बेरजेकडे पाहिलंच नाही. त्या बारा ओळींवरून पेन फिरवला आणि विचारलं, "चाचणी चालू असताना वर्गात कोण उभं होतं?"

मी नव्हतो. मुख्याध्यापकांनी मला आग्रहाने ऑफिसात चहाला नेलं होतं. वर्गात गुरुजी होते. विद्यापीठातून माणूस आलाय, शाळेची इज्जत जाऊ नये, म्हणून त्यांनी त्या पंधरा-वीस मिनिटांत जे प्रश्न अवघड दिसले ते फळ्यावर 'समजावून' सांगितले होते. त्यात वाईट हेतू काडीचा नव्हता. पण ते साठ पेपर रद्दीत गेले, आणि मला दुसरी शाळा शोधावी लागली.

मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांना आलेला प्रश्न आणि कुणालाच न आलेला प्रश्न, दोन्ही मुके असतात." हे वाक्य मी अनेक वर्षं जसंच्या तसं खरं मानत आलो. आता ते निम्मंच खरं वाटतं. का, ते पुढे येईल. आधी चाचणी नावाची वस्तू बनते कशी, ते बघू.

आमच्या नांदेड-लातूरला परीक्षेविषयी कुणी नवीन काय सांगणार? लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात रविवारी सकाळी चक्कर मारली, की हातात पॅड आणि काळं पेन घेतलेली पोरंपोरी घोळक्याने क्लासला जाताना दिसतात. रविवारी टेस्ट, एक-दोन दिवसांत रँक. याची मुळं जुनी आहेत. १९७० मध्ये लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय निघालं. तिथे आणि दयानंद महाविद्यालयात पुढे जी पद्धत रुळली, तिला महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणू लागला. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, उरलेल्या काळात बोर्डासारख्याच प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून घ्यायच्या, पेपर तपासून परत द्यायचे, चुका दाखवायच्या, की परत पेपर. १९९० च्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली तशी राज्यभरातून मुलं इथे येऊन खोल्या भाड्याने घेऊ लागली. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हेच पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची, मराठवाडा मुक्तिदिनाची. ज्यांच्या नावाने ते आहे ते स्वामीजी स्वतः हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला मुख्याध्यापक होते. थोडक्यात, या भागात शाळा, परीक्षा आणि सार्वजनिक जीवन यांचे धागे एकमेकांत चांगलेच गुंतलेले आहेत.

एवढ्या परीक्षा होतात, पण परीक्षा ही वस्तू तयार कशी होते याचं शास्त्र शिकायची जागा वेगळी आहे. ती जागा म्हणजे शिक्षणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण. बी.एड. झालेल्यांसाठी सीईटी देऊन प्रवेश, आणि २०१५ पासून दोन वर्षांचा, चार सत्रांचा, ८० श्रेयांकांचा एम.एड. वर्गात अर्धे लोक सेट-नेटच्या मागे असतात, काही सेवेतले गुरुजी असतात, काहींना नुसती पदवी हवी असते. पहिलं वर्ष तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, संशोधन पद्धती यांत जातं. संख्याशास्त्राचा तास आला की कला शाखेतून आलेल्यांचे चेहरे पडतात. आणि मग येतो लघुशोधप्रबंध. त्यात बहुतेकांना कुठली तरी चाचणी स्वतः तयार करावी लागते. शिकलेलं खरं कामाला लागतं ते इथे.

सुरुवात प्रश्नांपासून होत नाही, एका कोष्टकापासून होते. बी.एड.लाच त्याची ओळख होते: संविधान तक्ता. आडव्या बाजूला उद्दिष्टं, म्हणजे ज्ञान, आकलन, उपयोजन वगैरे. उभ्या बाजूला घटकाचे भाग. प्रत्येक चौकटीत त्या भागाचे त्या उद्दिष्टासाठी किती प्रश्न, किती गुण. या उद्दिष्टांच्या पायऱ्या बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडल्या, २००१ मध्ये त्या सुधारल्या गेल्या. आपल्याकडे बहुतेक वेळा प्रश्नपत्रिका आधी तयार होते आणि तक्ता नंतर तिच्या मापाने शिवला जातो, हे शिक्षकांच्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत असतं. पण तक्ता आधी केला तर एक गोष्ट लख्ख दिसते. आपण हाताला सहज येतील तेच प्रश्न काढतो. माझ्या पहिल्या कच्च्या चाचणीत चाळीसपैकी सव्वीस प्रश्न 'व्याख्या ओळखा', 'स्थानिक किंमत सांगा' या जातीचे होते. दशांश चिन्ह पोराला कळलं का, हे विचारणारे तीन.

पुढचं काम पर्याय लिहिण्याचं. बहुपर्यायी प्रश्नात बरोबर उत्तर लिहायला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती चुकीचे तीन पर्याय लिहायला. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे पोराचा एखादा खरा गैरसमज उभा पाहिजे. नसेल, तर तो पर्याय नुसती जागा अडवतो. यासाठी आधी पोरांशी बोलावं लागतं. दुसऱ्या शाळेत मी चाचणीच्या आधी तेच केलं. कंधार तालुक्यातलं गाव. फळ्यावर ०.५ आणि ०.१२५ लिहिलं आणि विचारलं, मोठी संख्या कोणती? मागच्या बाकावरचा एक जण उठला. "सर, एकशे पंचवीस."

"एकशे पंचवीस कुठं आहे?"

"हाय की हे. पॉइंट एकशे पंचवीस. अन् हितं नुस्तं पाच हाय. मी तेच म्हणूलालो की, एकशे पंचवीस मोठं."

त्याने चूक केली नव्हती, त्याने एक नियम लावला होता. पूर्ण संख्यांमध्ये तो नियम दर वेळी बरोबर ठरतो. जितके अंक जास्त, तितकी संख्या मोठी. शिवाय आपण मोठी माणसंच तर 'पॉइंट एकशे पंचवीस' असं वाचतो. चिन्हानंतरचे अंक एक, दोन, पाच असे सुटे वाचायचे असतात, हे सांगायचं आपल्याही तोंडून राहून जातं. मी वहीत लिहून घेतलं आणि चाचणीत प्रश्न घातला: पुढीलपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती? (अ) ०.२५ (ब) ०.५ (क) ०.१२५ (ड) ०.०५.

आता पेपर तपासून झाल्यावर काय करायचं, ते नीट सांगतो, कारण या सगळ्या शास्त्रातला सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे आणि त्याला कॅल्क्युलेटरही लागत नाही.

साठ पेपर एकूण गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायचे, जास्त गुणांचा सर्वांत वर. मग वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे काढायचे. साठाचे २७ टक्के म्हणजे सोळा. मधले अठ्ठावीस तूर्त बाजूला. २७ च का? गट फार मोठे घेतले तर वरचे आणि खालचे यांच्यातला फरक पुसट होतो, फार लहान घेतले तर दोन-चार पोरांच्या लहरीवर सगळं हलतं. या दोन्हींचा मेळ २७ टक्क्यांच्या आसपास सर्वांत चांगला बसतो, असं ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं. मराठवाड्यातल्या शेकडो लघुशोधप्रबंधांत हा आकडा येतो. बहुतेक ठिकाणी तो का, ते नसतं.

मग एकेक प्रश्न घ्यायचा. वरच्या सोळांपैकी ०.५ हे उत्तर चौदा जणांनी दिलं होतं. खालच्या सोळांपैकी पाच जणांनी. दोन्ही मिळून बत्तीसपैकी एकोणीस बरोबर, म्हणजे ०.५९. ही झाली प्रश्नाची काठिण्य पातळी. शब्द जरा फसवा आहे, कारण आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. मग चौदातून पाच वजा करायचे, नऊ उरतात, त्याला सोळाने भागायचं: ०.५६. ही प्रश्नाची भेदनक्षमता. ज्यांना एकंदर येतं आणि ज्यांना येत नाही, त्यांना हा प्रश्न किती वेगळं करतो, त्याचं माप. सामान्यतः ०.४० च्या वरचा प्रश्न उत्तम मानतात, ०.२० च्या खालचा काढून टाकतात किंवा दुरुस्त करतात.

बहुतेक लघुशोधप्रबंध इथे थांबतात. प्रश्न ठेवला, प्रश्न वगळला, पुढचं प्रकरण. मला मात्र मॅडमनी खालच्या सोळांचे चुकलेले पर्याय मोजायला लावले. पाच जणांचं बरोबर. एकाने ०.२५ निवडलं, एकाने ०.०५. आणि उरलेल्या नऊ जणांनी ०.१२५. नऊ! म्हणजे ही पोरं अंदाजाने गोळे काळे करत नव्हती. नऊच्या नऊ जण मागच्या बाकावरच्या त्या पोराचाच नियम लावत होते. 'दशांश अपूर्णांक कच्चे आहेत' असा शेरा मारून गुरुजींच्या हाती काहीच लागत नाही. 'नऊ पोरं चिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्या म्हणून वाचतात' म्हटलं, की सोमवारी पहिल्या तासाला काय करायचं ते ठरतं: दहा दांड्यांचे गठ्ठे, चौकटींचा कागद, आणि अंक सुटे वाचण्याची सवय.

आणखी एका प्रश्नाने मला चांगलाच धडा दिला. तोही मीच काढलेला. सर्वांत मोठी संख्या कोणती: (अ) ०.७ (ब) ०.६५ (क) ०.७० (ड) ०.०६९. उत्तरसूचीत मी 'क' लिहिलं होतं. वरच्या सोळांपैकी सहा बरोबर, खालच्या सोळांपैकी नऊ बरोबर. भेदनक्षमता उणे ०.१९! हुशार पोरं चुकतात आणि कच्ची पोरं बरोबर येतात, असा प्रश्न. मी रात्री तो चार वेळा वाचला, मग कपाळावर हात मारला. ०.७ आणि ०.७० एकच की. हुशार पोरांना 'अ' आधी दिसला, तो बरोबरच होता, त्यांनी त्यावर खूण केली. कच्च्यांनी सात, पासष्ट, सत्तर, एकोणसत्तर असं वाचलं आणि सत्तर निवडलं. चुकीच्या कारणासाठी त्यांना पूर्ण गुण, आणि बरोबर समजलेल्यांना शून्य. बेरजेत हे कधीच दिसलं नसतं. प्रवेशाच्या परीक्षेत उत्तरसूचीवर हरकती मागवतात ना, त्यामागे अशीच भानगड असते.

चाचणी नीट झाली, प्रश्न गाळून झाले, की पुढचा सवाल: तिच्यावर भरवसा किती? आज घेतली आणि आठ दिवसांनी पुन्हा घेतली तर गुण तेच येतील का? पुन्हा घ्यायला शाळा देत नाही, म्हणून सोपी वाट काढतात. विषम क्रमांकांचे प्रश्न एक अर्धी चाचणी, सम क्रमांकांचे दुसरी. दोन्हींतल्या गुणांचा सहसंबंध काढायचा. माझा ०.७० आला. पण हा अर्ध्या लांबीच्या चाचणीचा आकडा झाला, म्हणून १९१० चं स्पिअरमन-ब्राउन सूत्र लावून पूर्ण चाचणीचा काढला: ०.८२. हल्ली सगळे क्रॉनबॅकचा अल्फा (१९५१) संगणकावर काढतात. एक्सेल आल्यापासून तेवढं तरी सोपं झालंय.

या ०.८२ चा अर्थ काय, ते एकाही तोंडी परीक्षेत मला कुणी विचारलं नाही. सांगतो. माझ्या चाचणीत गुणांचं प्रमाण विचलन ५ होतं. त्यावरून मापनाची प्रमाण त्रुटी साधारण २ गुण निघते. म्हणजे ज्याला २४ गुण पडले, त्याची खरी पातळी बऱ्यापैकी खात्रीने २२ ते २६ च्या दरम्यान आहे, एवढंच म्हणता येतं. २४ वाला आणि २५ वाला यांच्यात फरक आहे असं ही चाचणी सांगूच शकत नाही. आणि आपण मात्र वर्गात पहिला आणि दुसरा अर्ध्या गुणावर ठरवतो. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'मध्ये तर १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला चार, चुकल्यास एक वजा. म्हणजे येत असलेला एक गोळा चुकून दुसरीकडे काळा झाला तर पाच गुणांचा फटका, आणि गर्दीच्या टप्प्यावर पाच गुणांत रँक कुठल्या कुठे जाते. लाखो मुलं आणि मोजक्या जागा असल्या की रांग लावावीच लागते, ते मान्य. पण रांगेतला आपला नंबर म्हणजे आपली अक्कल, असं पोरांनी मानू नये आणि आईबापांनी तर मुळीच मानू नये.

भरवशापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे सप्रमाणता. चाचणी जे मोजते म्हणते, तेच मोजते का? इथे नांदेड जिल्हा स्वतःच एक पाठ्यपुस्तक आहे. देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगूचा शेजार. किनवट-माहूरकडे गोंड-कोलामांची घरं. मुखेड-कंधारच्या तांड्यांवर घरात गोरमाटी. शाब्दिक उदाहरणात मी लिहिलं होतं, 'उर्वरित रक्कम किती?' एका तांड्यावरच्या मुलीने कागद कोरा ठेवला. तिला मी तेच तोंडी विचारलं: पन्नास रुपये नेले, साडेबारा खर्च झाले, उरले किती? "साडेसदतीस." क्षणात. तिला वजाबाकी येत होती, 'उर्वरित' येत नव्हतं. माझ्या गणिताच्या चाचणीने तिची मराठी मोजली, तीही पुस्तकी, आणि गुण गणिताचे कापले. परीक्षेचं माप असं कुणाच्याही बाबतीत चुकू शकतं: नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर स्वतः इंटरची परीक्षा एका फटक्यात पार करू शकले नव्हते. हे मी नेहमी वर्गात सांगतो, पोरांना धीर यावा म्हणून कमी, आणि पेपर काढणाऱ्यांना थोडी भीती वाटावी म्हणून जास्त.

मग प्रयोग. लघुशोधप्रबंधांची शीर्षकं बघा: 'इयत्ता अमुकच्या विद्यार्थ्यांसाठी तमुक उपक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास.' एक गट प्रायोगिक, एक नियंत्रित. दोघांची पूर्वचाचणी, एका गटाला नवी पद्धत, मग उत्तरचाचणी, सरासरींतला फरक, टी-मूल्य, ते सारणीतल्या मूल्यापेक्षा मोठं, 'म्हणून शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येतो.' मी ग्रंथालयात बसून असे पुष्कळ वाचले, आणि उपक्रम निरुपयोगी ठरल्याचं एकही पान मला सापडलं नाही. इतके सगळे उपक्रम परिणामकारक असते तर आपल्या शाळा केव्हाच सुधारल्या असत्या. संशोधक स्वतः उत्साहाने शिकवतो, जास्तीचे तास घेतो, आणि नियंत्रित गटाला नेहमीसारखं चालू राहतं. फरक पद्धतीचा की जास्तीच्या वेळाचा, हे मग सांगता येत नाही.

आमच्या भागात तर आणखी एक गोष्ट होते. पूर्वचाचणी दिवाळीच्या आधी, उत्तरचाचणी जानेवारीत. मधल्या काळात कंधार, मुखेड, लोहा, जळकोटकडची कुटुंबं कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. चाळीस पोरांचा गट उत्तरचाचणीला एकतीसवर येतो, आणि जी गेलेली असतात ती बहुधा मागे पडलेल्यांपैकीच असतात. गटाची सरासरी वर चढते. कुणी काही शिकलं म्हणून नव्हे, ज्यांना येत नव्हतं ते वर्गात नाहीत म्हणून. लघुशोधप्रबंधात याची एक ओळ असते: 'नऊ विद्यार्थी अनुपस्थित असल्याने त्यांचा विचार केला नाही.'

सरकारी मोजमापांचं काय? २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक, आणि सत्राअखेरचं संकलित. आकारिकची आठ साधनतंत्रं: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. तेव्हाच्या नियमाने पहिली-दुसरीला आकारिकला ७० टक्के भार होता, सातवी-आठवीला ४०. कल्पना उत्तम होती, कारण आकारिक म्हणजे शिकत असतानाच घेतलेला कानोसा. पण वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली आणि जिल्हाभरातली पोरं 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो' झाली. याउलट 'असर' या बिगरसरकारी सर्वेक्षणाची पद्धत बघा. २००५ पासून ती घरोघर जाते. जिल्ह्यात तीस गावं, प्रत्येक गावात वीस घरं. पोराला समोर बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचायला देतात. मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. काही मिनिटांचं काम. रँक नाही, टक्के नाहीत. पोर कुठल्या पायरीवर आहे, एवढंच. वर्गात कोण उभं होतं, हा प्रश्नच तिथे येत नाही.

आता मॅडमच्या त्या वाक्याकडे. सगळ्यांना आलेला प्रश्न मुका असतो, कारण त्याची भेदनक्षमता शून्य. बरोबर आहे, पण कशासाठी बरोबर? पोरांची रांग लावायची असेल तर. गाळणीच बनवायची असेल तर सगळ्यांना येणारा प्रश्न बिनकामाचा. पण मी शिकवलं आणि मग वर्गातल्या साठच्या साठ जणांना ०.५ मोठं हे आलं, तर माझ्यासाठी तो सर्वांत गोड प्रश्न. रांग लावणाऱ्या चाचणीच्या नियमाने तो कचऱ्यात जाईल. शिकवण्याच्या हिशोबाने तीच माझी कमाई. शास्त्रात या दोन जातींच्या चाचण्यांना नावं आहेत, मानकसंदर्भ आणि निकषसंदर्भ. रॉबर्ट ग्लेझर यांनी १९६३ मध्ये हा फरक ठळक केला. पहिली सांगते, तू इतरांच्या तुलनेत कुठे. दुसरी सांगते, हे तुला येतं की नाही. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात दोन्ही शेजारी शेजारी छापलेल्या असतात, आणि तरी लघुशोधप्रबंधात निकषसंदर्भ चाचणी बनवायला बसलेला विद्यार्थी तिच्यातून प्रश्न गाळताना मात्र मानकसंदर्भाची कात्री वापरतो. मीही वापरली.

लातूर पॅटर्न सुरू झाला तेव्हा त्यात दोन्ही होतं असं मला वाटतं. पेपर परत मिळत होता, चूक दाखवली जात होती, ती पुन्हा होणार नाही याची काळजी घेतली जात होती. पुढे रँकचा कागद भिंतीवर राहिला आणि चुकांचा कागद मागे पडला. गंमत म्हणजे आज ओएमआर, म्हणजे गोळे काळे करायच्या उत्तरपत्रिका, तपासणारं सॉफ्टवेअर प्रत्येक प्रश्नाचा प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला, हे मिनिटभरात काढून देतं. ते पैसे मोजून क्लासला जाणाऱ्या पोराला मिळतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला फार तर श्रेणी मिळते.

म्हणून शाळेत शिकवणाऱ्या वाचकांना एक विनंती. पुढच्या घटक चाचणीचे पेपर पोरांना परत देण्याआधी एकदा गुणांप्रमाणे वर-खाली लावा. खालचे सोळा घ्या. सगळे प्रश्न नकोत, ज्याने तुम्हाला सर्वांत जास्त त्रास दिला तो एकच घ्या, आणि बरोबर किती ते सोडून चुकलेले काय काय लिहितात ते मोजा. साठ पोरांच्या वर्गाला पाऊण तास लागतो.